क्रूझ बंदरात थांबल्यावर जेट स्की टूर: दोन तासांच्या थरारामागचं वेळेचं, कायद्याचं आणि सुरक्षेचं गणित

क्रूझवर गेलेल्यांच्या रील्समध्ये एक दृश्य हमखास दिसतं. मागे पांढरंशुभ्र जहाज, पुढे निळंहिरवं पाणी आणि एकामागोमाग एक धावणाऱ्या जेट स्की. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी निघतं. मधल्या सहा-आठ तासांत अख्खं बेट पाण्यावरून पाहून यायचं, अशी ही टूर असते.

रीलमध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत. जेट स्की मोटारसायकलसारखी वाटली तरी ती तशी थांबत नाही आणि तशी वळतही नाही. आणि उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबेलच असं नाही. या टूरमधल्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं की वेस्ट बेट हे अशा टूरचं प्रसिद्ध ठिकाण आहे. त्याचंच उदाहरण घेऊन हे सगळं समजून घेऊया.

गाइडेड जेट स्की टूर म्हणजे नेमकं काय?

गोवा, तारकर्ली किंवा मालवणला जेट स्की घेतली, तर सहसा चालक सोबत बसतो. किनाऱ्याजवळ काही मिनिटांची फेरी होते आणि पर्यटक परत येतो. यंत्राचा ताबा बहुतेक वेळ चालकाकडेच असतो.

की वेस्टमधली टूर वेगळी असते. तिथे प्रत्येक जेट स्की पर्यटक स्वतः चालवतो. गाइड पुढच्या वेगळ्या जेट स्कीवर असतो आणि बाकीचे ठरावीक अंतर ठेवून त्याच्या मागे जातात. ही फेरी काही मिनिटांची नसते, दीड ते दोन तास चालते. अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर भरतं. म्हणजे गाइड वाट दाखवतो, पण आपल्या जेट स्कीचा चालक आपणच असतो. कायद्याच्या नजरेतही जबाबदारी चालकाचीच असते. 'गाइड आहे ना सोबत' असं म्हणून निर्धास्त होण्यात इथेच चूक होते.

'जेट स्की' हे खरं तर कावासाकी कंपनीच्या वाहनाचं नाव. १९७० च्या दशकात ते बाजारात आलं आणि झेरॉक्ससारखं सगळ्याच कंपन्यांच्या वाहनांना चिकटलं. यामाहाचं वाहन 'वेव्हरनर', तर बॉम्बार्डियरचं 'सी-डू' म्हणून ओळखलं जातं. बुकिंग करताना यांपैकी कोणतंही नाव दिसलं तरी प्रकार तोच.

की वेस्टला काय पाहायला मिळतं?

की वेस्ट हे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडच्या बेटांच्या माळेतलं छोटंसं बेट. लांबी जेमतेम साडेसहा किलोमीटर, रुंदी दीड-दोन किलोमीटर. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात. बेट लहान असल्यामुळे दोन तासांत त्याला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते.

वाटेत १८४५ मध्ये बांधकाम सुरू झालेला फोर्ट झॅकरी टेलर दिसतो. पुढे दक्षिण किनाऱ्यावर 'सदर्नमोस्ट पॉइंट'चा रंगीत काँक्रीटचा बोया आहे. १९८३ मध्ये बसवलेल्या या बोयावर 'क्युबा ९० मैल' असं लिहिलेलं आहे. जमिनीवरून त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लागते, पाण्यावरून तो सहज दिसतो. त्यानंतर स्मॅदर्स बीच आणि स्टॉक आयलंडच्या बाजूची काउ की खाडी. तिथे पुलाखालून अगदी हळू जावं लागतं. उत्तरेला लष्कराच्या ताब्यातलं फ्लेमिंग की बेट आहे, तिथे उतरायला मनाई आहे.

एकाच फेरीत दोन प्रकारचं पाणी अनुभवायला मिळतं. वारा दक्षिणेचा असेल तर अटलांटिककडची बाजू खवळलेली आणि आखाताची बाजू शांत असते. वारा उत्तरेचा असेल तर उलट. सुरुवातीला पाणी संथ होतं म्हणून पुढेही तसंच असेल, असं धरून चालता येत नाही.

सगळ्यात आधी वेळेचं गणित

जहाजाच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन वेळा दिलेल्या असतात. एक जहाज सुटण्याची आणि दुसरी सर्वांनी जहाजावर परतण्याची, म्हणजे 'ऑल अबोर्ड'. दुसरी वेळ बहुधा पहिलीच्या अर्धा ते एक तास आधीची असते. प्रवाशासाठी खरी मुदत तीच.

समजा, जहाज सकाळी ८ वाजता लागलं आणि ऑल अबोर्ड दुपारी ३.३० ला आहे. दहाची टूर घेतली तर साडेनऊला पोहोचायचं. कागदपत्रं आणि प्रशिक्षणात अर्धा तास, पाण्यावर दोन तास. साडेबाराला मोकळं होता येतं आणि हाताशी तीन तास उरतात. जेट स्की बंद पडली, कोणी पाण्यात पडलं, वादळ आलं, तरी घाबरण्याचं कारण नाही.

तीच टूर दुपारी एकची घेतली तर? अर्धा तास प्रशिक्षण, दोन तास पाणी, म्हणजे किनाऱ्याला लागेपर्यंत साडेतीन. कागदावर टूर बसते, प्रत्यक्षात बसत नाही. बंदरदिनी शक्यतो पहिली किंवा दुसरी टूर घ्यावी, असं सांगितलं जातं ते यामुळे. त्यात फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजांचा पाऊस ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे सकाळची वेळ हवामानाच्या दृष्टीनेही बरी.

फोनमधली वेळ आणि जहाजाची वेळ

की वेस्ट आणि मायामी यांची वेळ एकच आहे. पण त्याच क्रूझमध्ये पुढचं बंदर मेक्सिकोतलं कोझुमेल असेल तर घोटाळा होऊ शकतो. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळली जाते, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. मायामीत मात्र करतात. त्यामुळे उन्हाळ्यात कोझुमेल मायामीच्या एक तास मागे असतं.

जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल आणि फोनने आपोआप स्थानिक वेळ पकडली, तर फोनमध्ये ३ वाजलेले असताना जहाजावर ४ वाजलेले असतात. यावर उपाय सोपा आहे. जहाजातून उतरताना तिथलं घड्याळ पाहावं आणि मनगटी घड्याळ त्यावर लावून घ्यावं.

हातातलं थ्रॉटल सोडलं की काय होतं?

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो आणि बहुतेकींना सुकाणूही नसतं. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं. आतला फिरता पंखा ते जोरात मागे फेकतो आणि जेट स्की पुढे जाते. हँडल वळवलं की मागची पाण्याच्या झोताची तोटी वळते आणि त्या झोतामुळे वाहन वळतं.

म्हणजेच झोत नसेल तर वळणही नाही. समोर अचानक बोट आली की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याची ही सहज प्रतिक्रिया असते. जेट स्कीवर मात्र थ्रॉटल सोडताच झोत थांबतो, हँडल नुसतं फिरतं आणि वाहन सरळ त्याच दिशेने घसरत जातं. अडथळा टाळायचा असेल तर थोडं थ्रॉटल धरून ठेवून वळावं लागतं. नव्या मॉडेल्समध्ये ब्रेकची किंवा थ्रॉटल सोडल्यावरही थोडं वळवण्याची सोय असते. पण भाड्याने मिळालेल्या वाहनात ती आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये जेट स्कीच्या अपघातांचा अभ्यास केला होता. करमणुकीच्या इतर बोटींवर सर्वाधिक मृत्यू बुडून होतात, जेट स्कीवर मात्र बुडण्यापेक्षा जोरदार धडकेने अधिक माणसं दगावतात, असं त्यात आढळलं. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, धडकेपासून वाचवत नाही.

म्हणून गटाने जाताना दोन जेट स्कींमधलं अंतर सर्वात महत्त्वाचं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी जेट स्की एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. १०० मीटरचं अंतर सहा सेकंदांत संपतं. पुढचा मित्र पाण्यात पडला, तर मागच्याला विचार करायला एवढाच वेळ मिळतो. मित्राला पाण्याने भिजवायला जवळून वळण घेणं किंवा व्हिडिओसाठी शेजारी-शेजारी धावणं धोक्याचं ठरतं ते यामुळेच.

फ्लोरिडाचा कायदा काय सांगतो?

- जेट स्की चालवण्यासाठी किमान वय १४ वर्षं, भाड्याने घेण्यासाठी १८ वर्षं.
- १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या चालकाकडे बोटिंग सुरक्षेचं ओळखपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र हवं. तात्पुरतं प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळतं आणि ९० दिवस चालतं. पर्यटकांनाही हा नियम लागू आहे.
- जेट स्कीवरच्या प्रत्येकाने मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट घातलेलं असलं पाहिजे. हवा भरून फुगणारं जॅकेट जेट स्कीवर चालत नाही.
- इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. चालक पडला की दोरी निघते आणि इंजिन थांबतं.
- सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत जेट स्की चालवायला बंदी आहे.
- गर्दीतून नागमोडी चालवणं, दुसऱ्या बोटीच्या फार जवळून तिच्या लाटांवर उड्या मारणं, धडक टाळायला शेवटच्या क्षणी वळणं हे बेदरकारपणात मोडतं.
- नशेत बोट चालवणं हा गुन्हा आहे. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे.

शेवटचा मुद्दा क्रूझ प्रवाशांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा. अनेकांनी पेयांचं पॅकेज घेतलेलं असतं आणि सकाळपासूनच ग्लास हातात येतो. अमेरिकन तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत जीवघेण्या बोट अपघातांच्या ज्ञात कारणांमध्ये मद्य वर्षानुवर्षं अग्रस्थानी राहिलं आहे. टूर होईपर्यंत पिणं टाळावं, हेच बरं.

प्रत्येक बंदरावर असेच नियम असतात का?

नाही. जेट स्की भाड्याने देणाऱ्यांना फ्लोरिडात २०२३ पासून राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि ग्राहकाला आधी सूचना द्याव्या लागतात. शेजारच्या बहामासमध्ये नासाऊ हेही क्रूझचं गजबजलेलं बंदर आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवर फिरून जेट स्की देणाऱ्यांबाबत अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाने आपल्या प्रवास सूचनांमध्ये वारंवार सावध केलं आहे. न्यू प्रॉव्हिडन्स आणि पॅराडाइज या बेटांवर अशा स्वतंत्र व्यावसायिकांकडून जेट स्की घ्यायला आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना मनाई असल्याचंही त्या सूचनांमध्ये म्हटलेलं होतं. एका बंदरावरचा चांगला अनुभव दुसऱ्या बंदराची हमी देत नाही.

पाण्याचा रंग आणि बोयांची भाषा

की वेस्टभोवतीचा समुद्र उथळ आहे. तिथे पाण्याचा रंग खोली सांगतो. गडद निळं पाणी खोल असतं. तपकिरी दिसलं तर खाली सागरी गवत किंवा प्रवाळ अगदी वर आलेलं असू शकतं. पांढरट पाण्याखाली वाळूचा उथळ भाग असतो. जेट स्की उथळ पाण्यात नेली तर वाळू आणि गवत आत ओढलं जाऊन इंजिन बंद पडतं. त्या दुरुस्तीचा खर्च ग्राहकाच्या माथी येऊ शकतो.

हा परिसर १९९० मध्ये स्थापन झालेल्या फ्लोरिडा कीज राष्ट्रीय सागरी अभयारण्यात येतो. मॅनाटी, समुद्री कासवं, डॉल्फिन यांचा इथे वावर असतो. त्यांचा पाठलाग करणं किंवा प्रवाळ आणि सागरी गवताची हानी करणं बेकायदा आहे. स्थानिक लोकही याबाबत जागरूक आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये शहरातल्या मतदारांनी मोठ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा घालणारे प्रस्ताव मंजूर केले होते. ते निर्णय राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा करून निष्प्रभ केले. पर्यटक कसे वागतात याकडे गावाचं लक्ष असतं, ते या पार्श्वभूमीवर.

भारतीय बंदरांची सवय असलेल्यांसाठी आणखी एक फरक. समुद्रातून बंदरात शिरताना भारतात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या हाताला. टूरमध्ये गाइडच्या मागे जायचं असल्याने हे रोज लागत नाही, पण गटापासून मागे पडलं तर उपयोगी पडतं. आणि आपल्याच जहाजाजवळ जाऊन सेल्फी घ्यायचा मोह टाळावा. क्रूझ जहाजांभोवती सुरक्षेसाठी प्रवेशबंदीचा पट्टा असतो.

कपडे काय घालावेत, कोणी टाळावं?

मागे बसलेली व्यक्ती पाठीमागे पडली तर ती पाण्याच्या झोताच्या समोर येते. हा झोत इतका जोरदार असतो की पाणी शरीरात शिरून गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते. म्हणूनच उत्पादक कंपन्या वाहनावरच्या सूचनेत खाली वेटसूटसारखा जाड, घट्ट पोशाख घालायला सांगतात. साध्या पोहण्याच्या पोशाखाने पुरेसं संरक्षण मिळत नाही. मागे बसणाऱ्याने पुढच्याला घट्ट धरावं आणि दोघे नीट बसल्याशिवाय चालकाने वेग घेऊ नये.

लाटांवर आपटल्याने कंबरेला आणि मणक्याला धक्के बसतात. गरोदर महिला, पाठीचं दुखणं किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी ही टूर टाळावी. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आणि तिथून क्रूझला निघालेल्या आईबाबांसाठी हे आधीच बोलून घेतलेलं बरं. काठावर उभं राहून फोटो काढणारं एक माणूस कुटुंबात असलं तर बिघडत नाही.

पोहता येणं उपयोगी पडतंच, शिवाय पाण्यातून जेट स्कीवर परत चढण्याएवढी ताकदही हवी. चढायचं ते मागच्या बाजूने, इंजिन बंद ठेवून. जेट स्की उलटली तर ती कोणत्या बाजूने सरळ करायची, हे मागच्या स्टिकरवर दाखवलेलं असतं. चष्म्याला दोरी बांधावी, लांब बाह्यांचा शर्ट घालावा, सनस्क्रीन आधीच लावावं. पासपोर्ट पाण्यावर नेऊ नये.

पैसे, सही आणि विमा

दर बहुधा जेट स्कीमागे असतो, माणसामागे नाही. दुसऱ्या व्यक्तीचं वेगळं शुल्क असू शकतं. क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवली जाते. सुरुवातीला ज्या कागदावर सही घेतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: आपल्याला इजा झाली तर कंपनीवर दावा न करण्याची कबुली, आणि वाहनाचं नुकसान झालं तर भरपाईची हमी. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा किती, हे सहीआधी विचारावं. निघण्यापूर्वी जेट स्कीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवला तर जुन्या ओरखड्यावरून वाद होत नाही.

भारतातून घेतलेल्या अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. अमेरिकेतला रुग्णालयाचा खर्च पाहता, पॉलिसीत जेट स्कीचा उल्लेख आहे का, हे घरी असतानाच तपासावं.

जहाजाकडून बुकिंग की बाहेरून?

बाहेरून घेतलेली टूर अनेकदा स्वस्त पडते आणि गटही लहान असतो. जहाजामार्फत घेतलेल्या टूरचा मुख्य फायदा वेळेचा. ती टूर उशिरा परतली तर जहाज थांबतं किंवा क्रूझ कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची सोय करते. बाहेरच्या टूरला ही हमी नसते. वादळामुळे जहाजाने बंदरच गाळलं तर पैसे परत मिळतील का, हेही बाहेर बुकिंग करताना विचारावं लागतं.

जहाज सुटलंच तर?

सर्वात आधी बंदरावरच्या जहाजाच्या एजंटला गाठावं. त्याचा नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. प्रवासी परतला नाही असं लक्षात आल्यावर जहाजाचे कर्मचारी अनेकदा त्याच्या खोलीतला पासपोर्ट काढून एजंटकडे देतात.

पुढचं बंदर मायामी असेल तर की वेस्टहून सुमारे २६० किलोमीटरचा रस्ता आहे, ४२ पूल ओलांडत चार तासांत पोहोचता येतं. पुढचं बंदर परदेशात असेल तर विमान, व्हिसा आणि हॉटेल हा सगळा खर्च आपला. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट हातात असेल तरच त्याचा उपयोग.

सही करण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ आणि प्रशिक्षणात किती?
२. एका गाइडमागे किती जेट स्की असतात?
३. या मॉडेलला ब्रेक आहे का? थ्रॉटल सोडल्यावर ती वळते का?
४. कोणी पाण्यात पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं, थांबण्याची खूण कोणती?
५. नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती रक्कम भरावी लागेल?
६. हवामान बिघडलं किंवा जहाज आलंच नाही, तर पैसे परत मिळतात का?

या प्रश्नांची उत्तरं चांगला व्यावसायिक न वैतागता देतो. 'काही होत नाही, बसा' एवढंच उत्तर मिळालं तर ती टूर सोडून द्यावी. किनाऱ्यावर चालत फिरूनही की वेस्टचं गाव, किल्ला आणि सदर्नमोस्ट पॉइंट पाहता येतो आणि ऑल अबोर्डच्या आधी जहाजावरही परतता येतं.